शेऱ्याचा रकाना

नगरपालिकेच्या वहीत पाच रकाने:
तारीख, वार, पत्ता, वजन, शेरा.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
थर्झा ब्लेंकिन, हल शहराची पगारी सुईण,
त्यात मावेल एवढंच लिहिते.
"आई ठीक. मुलगा ठीक."
घाईत असली तर नुसतं "ठीक".

सायकलही नगरपालिकेचीच.
दिव्यावर पातळ कागदाचे दोन पदर, कायद्याने,
म्हणजे उजेड पुढच्या चाकापुरता.
हेसल रोडच्या गल्ल्या ती खड्ड्यांवरून ओळखते,
धुरवलेल्या मासळीच्या वासावरून,
आणि त्या कोपऱ्यावरून, जिथे परवापर्यंत बेकरी होती.

आज सोळा नंबर. ऑलिव्ह स्टॅम्पर, तिसरी खेप.
नवरा सुरुंग वेचणाऱ्या बोटीवर.
सासू दारातच: "आलीस बाई!
पाणी दोनदा उकळलं, दोनदा निवलं."
पलंगावर जुनी वर्तमानपत्रं, इस्त्री फिरवून;
बुडालेल्या जहाजांच्या बातम्या, छापील बाजू वर.

भोंगा वाजतो तेव्हा ऑलिव्हला कळ येते.
की कळ येते तेव्हा भोंगा वाजतो?
दोन्ही चढतात, टोकावर थरथरतात, उतरतात.
थर्झा मिनिटं मोजते ती एकाचीच.

दारावर थाप. वॉर्डन प्रौडफुट,
साठीचा, उभा जन्म धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारलेला.
"सगळ्यांनी निवाऱ्यात चला!"
"डोकं दिसायला लागलंय," थर्झा म्हणते,
"तूच ये आणि त्याला समजावून सांग."
तो हेल्मेट काढतो, पोटाशी धरतो,
आणि जिन्यात बसतो, तोंड भिंतीकडे करून.

मग काहीतरी जवळ पडतं. खूप जवळ.
छताची माती ऑलिव्हच्या केसांवर.
दिवा गेला.
सासू भिंतीवरची कळ दाबून बघते: मेलेली.
पलंगावरची जिवंत.

थर्झा खाली जाते, सायकलचा दिवा उपसून आणते,
कायद्याचे दोन्ही पदर फाडते
आणि वॉर्डनच्या हातात देते.
"दिवा विझवा!" असं आठ महिने
दारोदार ओरडत हिंडलेला माणूस
दिवा धरून उभा राहतो,
पाठमोरा, खांद्यावरून हात मागे वळवून.
"डावीकडे," थर्झा म्हणते. "आणखी. हं, तिथेच."
हात कापतो. उजेड कापतो.
पण तिथेच राहतो.

मूल आलं, निळसर, आणि गप्प.
सगळी खोली गप्प.
बाहेर गप्प नव्हतं काहीच.
दोन बोटांनी तिने तोंड पुसलं, तळव्यांना चोळलं,
एकदा, पुन्हा, पुन्हा एकदा...
मग एवढासा, चिडका, कुणाचीही पर्वा नसलेला आवाज,
आणि जिन्याकडून नाक शिंकरल्याचा.

वार पडेपर्यंत थांबायचं असतं.
ओढायचं नसतं, घाई करायची नसते.
बाहेर पडत होते ते वार निराळे,
ते कुणासाठी थांबत नव्हते.

तराजूचा काटा मातीने अडकलेला.
प्रौडफुट आता कुठे वळतो,
दुपट्यातलं गाठोडं दोन्ही हातांवर तोलतो,
डोळे मिटून, धक्क्यावरच्या सवयीने:
"सात पौंड. वर दोन औंस."
वजनाच्या रकान्यात तेच जाईल.

पहाटे भोंगा एकाच सुरात लांबत गेला.
"सुटलो," वॉर्डन म्हणाला.
"सुटली," सासू म्हणाली.
दोघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते.
चहाला साखर नव्हती, तरी दोघांनी ढवळला.

परतताना नऊ नंबरपाशी थर्झा उतरली.
उतरायला तिथे फक्त पायरी उरली होती.
तिच्या छोट्या वहीत पेन्सिलीने लिहिलेलं:
मिसेस आयव्ही थर्सबी, पहिलटकरीण, जूनचा पहिला आठवडा.
खोडरबर पिशवीत होतं.
तिने ते काढलं नाही.
सायकल हातात धरून बरंच अंतर चालत गेली.

कचेरीत मोठी वही. तारीख. वार. पत्ता.
सात पौंड दोन औंस.
शेरा: "ठीक."
लेखणी थोडी थांबली, मग दोन बोटांच्या जागेत
आणखी दोन शब्द दाटीवाटीने:
"उजेड पुरला."

मग खण उघडून तिने पातळ कागद घेतला.
दोन पदर.
संध्याकाळी पुन्हा लागणार होते.